पान पाच, शहर आवृत्ती

शनिवारी, ८ फेब्रुवारी १९९२ रोजी, दुपारी सव्वाचार वाजता सटाण्याच्या वार्ताहराचं पाकीट माझ्या टेबलावर आलं. तेव्हा तालुक्यांतल्या बातम्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती यायच्या. पाकिटात पाच बातम्या होत्या. तिसरी निधनाची होती.

‘सटाणा, ता. ८ : येथील कांद्याचे व्यापारी त्र्यंबक गणपत ऊर्फ बापू कोठावदे (वय ६३) यांचे आज सकाळी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली असा परिवार आहे. नाशिक येथील धान्य व्यापारी दिगंबर कोठावदे यांचे ते ज्येष्ठ बंधू होत. बाहेरगावच्या मुली पोचल्यावर अंत्यसंस्कार उद्या, रविवारी सकाळी दहा वाजता होतील.’

मी सवयीने ‘आज सकाळी’चं ‘शनिवारी सकाळी’ केलं, ‘उद्या, रविवारी’मधलं ‘उद्या’ खोडून ‘आज’ केलं आणि मग थांबले.

दिगंबर कोठावदे म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणत असे. आदल्या रात्रीपासून मी त्यांच्याच घरी उतरले होते. दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता त्यांच्या मुलीचा, नयनाचा साखरपुडा होता.

त्या टेबलावर मी नोकरीला नव्हते. मुलाखतीला आले होते. धुळ्याच्या एका लहान दैनिकात चार वर्षं उपसंपादक म्हणून काढल्यावर नाशिकच्या या मोठ्या दैनिकातून बोलावणं आलं होतं. वृत्तसंपादक भास्कर उपासनी यांनी तीन वाजता मला समोर बसवलं, माझ्या कात्रणांची फाइल उघडली आणि चौथ्या पानावर मिटली.

“अमृतकर, कात्रणं सगळ्यांचीच चांगली असतात. वाईट कोण लावतं? तुमचं लग्न?”

“अजून नाही.”

“ठरलंय?”

“नाही.”

“मग सहा महिन्यांनी ठरेल आणि तुम्ही जाल.”

“सहा महिन्यांनी गेले, तर सहा महिन्यांचं काम तर होईल.”

ते हसले नाहीत, पण फाइल बाजूला सारली. “आमच्याकडे मुलाखत म्हणजे पान पाच. आज तुम्ही लावायचं. खोटं नाही, खरं, उद्या छापायचं. ग्रामीण आवृत्तीचं पान सहाला सुटतं. मग त्यातल्या बातम्या काढून-घालून शहराचं, ते साडेसातला. काय ठेवायचं, काय काढायचं, तुम्ही ठरवा. एकच नियम. जाहिरात काढा, सत्कार काढा, माझा फोटो असला तरी काढा. मयत उद्यावर टाकायची नाही. लोक पेपर वाचून स्मशानात येतात.”

“हो.”

“चहा घेता की लगेच बसता?”

मी लगेच बसले होते.

बापू आणि काका यांच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण वडिलांच्या दुकानाची वाटणी. तिचे तपशील दोन्ही घरांत वेगवेगळे सांगत. बापू सटाण्यात राहिले, काकांनी नाशिकला दुकान काढलं. लग्नं झाली, बारशी झाली, एकमेकांकडे कोणी गेलं नाही. पण नयनाच्या साखरपुड्याची पत्रिका काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सटाण्याला पाठवली होती. त्या शनिवारी सकाळी बांगड्यांचा कार्यक्रम चालू असताना ते दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

“कोणाची वाट बघता?” मावशीने कासारणीसमोर हात धरून बसलेल्या नयनाच्या पाठीमागून विचारलं.

“कोणाची नाही. दुधाचा आला का बघतो.”

“दूध सहालाच आलं.” मग मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सटाण्याची वाट बघतायत. पत्राचं उत्तर नाही आलं. मी म्हटलं, नाही म्हणायचं असतं तर कळवलं असतं.”

“नयनाताई, हात सैल सोडा,” कासारीण म्हणाली. “मस्कतला जाणार म्हणून आत्तापासून मुठी आवळल्या का?”

सगळ्या हसल्या. नयनाही हसली, पण हात सैल सोडला नाही. ती अठ्ठावीस वर्षांची होती. आधी दोन स्थळं मोडली होती. दुसऱ्या वेळी तर सुपारी फुटली होती, आणि चौथ्या दिवशी मुलाचे आजोबा गेले. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला; त्यात मुलीच्या पायगुणाचा उल्लेख होता. हे तिसरं स्थळ चाळीसगावच्या येवल्यांचं. मुलगा विलास मस्कतला नोकरीला लागला होता आणि बुधवारी दोन वर्षांसाठी निघणार होता. साखरपुडा झाला तर तो वर्षाने सुट्टीवर येऊन लग्न करणार होता. रविवार टळला तर पुढचं कोणी बोललं नव्हतं.

बांगड्या भरून झाल्यावर मावशीने गॅलरीत उभं राहून वरच्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारली. मावशीच्या घरचे फोन त्यांच्याकडेच यायचे.

“वहिनी, उद्या दुपारपर्यंत कुठलीही वाईट बातमी आली, तर आमच्या घरात आणू नका हं. मग काय ते सांगा.”

“अहो, असं कशाला बोलता?”

“बोलून ठेवलेलं बरं. कानावर आलं की सुतक लागतं. नाही आलं तर नाही.”

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मृत्यू झाला म्हणून सुतक लागत नाही, तो कळला म्हणून लागतं. कार्य घरात असलं की लोक एक-दोन दिवस बातमी धरून ठेवतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. सख्ख्या भावाचं सुतक दहा दिवसांचं.

काकांच्या घरी आमचंच दैनिक येत होतं. सकाळी सहाला, शहर आवृत्ती. पहिलं ते वाचत.

मी सव्वाचार ते साडेचार त्या कागदाकडे बघत बसले, असं म्हटलं तर खोटं होईल. पानावर काम होतं. रोटरीचा कार्यक्रम, देवळाली गावातला पाण्याचा प्रश्न, एका शिक्षकाचा सत्कार. मी ते सगळं केलं, मथळे दिले आणि निधनाची बातमी इतर बातम्यांबरोबर जुळणीला पाठवली. सहाला सुटणाऱ्या ग्रामीण पानावर ती लागली, वरून दुसऱ्या स्तंभात, पूर्ण. बंधूंच्या ओळीसकट. ती मी कापली नाही. सटाण्याच्या माणसाची बातमी सटाण्याला जाणाऱ्या पानावर नियमाप्रमाणे गेली होती.

मग शहराचं पान. पेस्टिंगच्या टेबलावर वाघचौरे म्हणून वयस्कर गृहस्थ होते. मजकुराच्या छापील पट्ट्या ब्लेडने कापून ते पानावर चिकटवत. मी त्यांना म्हटलं, “सटाण्याची निधन वार्ता काढा. तिथे रक्तदान शिबिराची घ्या.”

त्यांनी ब्लेड पट्टीखाली घातलं आणि थांबले. वाचलं.

“बाई, ह्यात नाशिकचं नाव हाय. भाऊ हिथला दिसतो.”

“सटाण्याची बातमी आहे. ग्रामीणला गेली.”

“भाऊ हिथला असल्यावर आपण शहरातबी घेतो.”

“जागा नाही.”

“जागा करायची म्हटल्यावर होती,” ते म्हणाले, पण पट्टी उचलली. तिच्या मागे मेण होतं. ती त्यांच्या बोटाला चिकटली. त्यांनी ती टेबलाच्या कडेला पुसली. रक्तदानाची बातमी तिथे बसली. दोन ओळी जास्त होत होत्या, त्या मी कापल्या. सात वाजून दहा मिनिटांनी पान सुटलं.

तेव्हा माझा विचार साधा होता, तो तसाच सांगते. काकांना रविवारी दुपारी दोन वाजता, जेवणं झाल्यावर, मी बाजूला घेऊन सांगणार होते. दहाचा अंत्यसंस्कार चुकेल. पण अकरा वर्षं जे एकमेकांच्या दारात गेले नाहीत, त्यांच्यातल्या एकाला दुसऱ्याचं शेवटचं दर्शन चुकलं तर काय चुकलं, असं मला वाटलं. मी सव्वीस वर्षांची होते.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर बारसं होतं. मावशी मला तशीच पर्ससकट तिकडे घेऊन गेली. घुगऱ्या हातावर घेऊन काकांनी विचारलं, “काय म्हणाले उपासनी?”

“परीक्षा घेतली. सोमवारी सांगणार.”

“कसली परीक्षा? निबंध?”

“तसंच.”

खरं पान लावलं, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ते सकाळी ते पान दोनदा वाचायला बसले असते.

रविवारी सहाला पेपर आला. काका आंघोळ करून, नवं धोतर नेसून, खुर्चीत बसले. पहिलं पान, मग तिसरं, मग पाचवं. मी चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. पाचव्या पानावर ते तीन-चार मिनिटं होते.

“वैजू, या लोकांकडे सत्कार फार झालेत,” ते म्हणाले. “तू लागलीस तर कमी कर.”

साखरपुडा वेळेवर झाला. अकरा पस्तीसला विलासने नयनाच्या बोटात अंगठी घातली. येवल्यांकडून सत्तावीस माणसं आली होती. पेढे कमी पडतील म्हणून ते मोजून द्यायला मावशीने मला हॉलच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. तिथून मला दार आणि काका दोघं दिसत होते. भटजींनी ओटी भरायला सांगितली, तेव्हा काका म्हणाले, “पाच मिनिटं थांबू या का?”

“कोणासाठी?” विलासच्या वडिलांनी विचारलं.

“नाही, कोणासाठी नाही. चालू द्या.”

दोन वाजता मी त्यांना बाजूला घेतलं नाही. जेवणं लांबली, मग येवल्यांची गाडी निघाली, मग मावशीला रडू आलं. नयना इतकी बोलत होती की तिच्या आवाजाला घरातली माणसं हसत होती. सहा वर्षांत मी तिला असं ऐकलं नव्हतं. मी उद्या सांगू म्हटलं. बातमी धरून ठेवणारे माझ्यासारखे आणखीही होते. समाजातल्या निदान दोघांना हॉलमध्ये माहीत होतं, हे नंतर कळलं. ते जेवून गेले.

सोमवारी अकराला उपासनींनी मला बोलावलं. दोन्ही आवृत्त्यांची पाचवी पानं त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होती.

“चुका नाहीत,” ते म्हणाले. “रक्तदानाच्या बातमीत तारीख राहिली. सटाण्याची मयत शहरात का नाही घेतली?”

“ग्रामीणला गेली होती. शहरात जागेची ओढ होती.”

“हं. भावाचं नाव होतं. पण ठीक आहे, चालतं.” त्यांनी पानं उचलून फाइलला दिली. “तीन महिने प्रोबेशन. एक मार्चपासून या. आणि लग्न ठरलं तर आधी मला सांगा.”

मी पेढे घेऊन घरी गेले. दुकानातून काका आधीच आले होते आणि ओल्या अंगाने न्हाणीघराबाहेर उभे होते. बाजार समितीत सटाण्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना विचारलं होतं, “शेठ, बापूंना पोचवायला आला नाहीत?”

मंगळवारी पहिल्या एस.टी.ने काका सटाण्याला गेले. त्याच दिवशी संध्याकाळी परत आले. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगितलं. सगळं एका दमात, उभ्यानेच.

दारात बापूंचा मुलगा श्रीकांत आला. आत या म्हणाला नाही. “काका, पेपरात तुमचं नाव घालून बोलावलं होतं. आईने सांगितलं, नाव घाला, तो पेपर वाचतो. फोन करायची आमची हिंमत नव्हती, एवढ्या वर्षांनी काय बोलायचं. दहाची वेळ होती. बारापर्यंत थांबलो.”

“मी पेपर वाचला. त्यात नव्हतं.”

श्रीकांतने आत जाऊन पेपर आणला. पाचवं पान, दुसरा स्तंभ. बोट ठेवून दाखवलं. काकांनी तिथेच वाचलं.

“हे माझ्या पेपरात नव्हतं.”

“काका, पेपर एकच आहे.”

मग आतून बापूंच्या पत्नीचा आवाज आला. त्या श्रीकांतला म्हणाल्या, “त्यांना सांग, हे शनिवारी नाशिकलाच यायला निघणार होते. कोट इस्त्रीला दिला होता. एवढं सांग आणि दार लाव.”

हे सांगून झाल्यावर काका खाली बसले. मावशीने पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

“वैजू, तू या धंद्यातली. त्यांच्या पेपरात येऊन माझ्या पेपरात कसं नाही?”

मी त्यांना दोन आवृत्त्या समजावून सांगितल्या. कोणतं पान किती वाजता सुटतं, कोणत्या गाडीने कुठे जातं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे कोणीतरी एकात ठेवलं आणि एकातून काढलं.”

“हो.”

“कोण ठरवतं हे?”

“पानावरचा माणूस.”

“शनिवारी कोण होतं पानावर?”

मावशी दारात उभी होती. नयना आत मस्कतच्या पत्त्यावर पहिलं पत्र लिहीत होती.

“विचारून सांगते,” मी म्हटलं.

“कोण ते कळलं नाही तरी चालेल. त्याला काय माहीत कोण कोणाचा भाऊ. मला फक्त माझा पेपर हवा. आपला रविवारचा तुझ्या मावशीने हॉलवर नारळांच्या पोत्याखाली अंथरला, तिथेच राहिला. दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली, तर श्रीकांत ऐकेल. तेराव्याच्या आत आणून दे.”

शहराचं पान श्रीकांतच्या हातात गेलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयात आला असता. उपासनींनी वाघचौरेंना बोलावलं असतं. दिगंबर कोठावदे आणि मी एकाच घरात राहतो, हे कळायला पाच मिनिटं लागली नसती. मी प्रोबेशनवरसुद्धा नव्हते अजून; मार्चपासून होणार होते.

बाराव्या दिवशी मी काकांना सांगितलं, “ऑफिसच्या फाइलला ग्रामीण आवृत्तीच लावतात, काका. शहराची ठेवत नाहीत.”

“बरं,” ते म्हणाले.

सार्वजनिक वाचनालयात शहर आवृत्तीची फाइल असते. त्यांना ते सुचलं नाही. मी सुचवलं नाही. तेरावं झालं. त्यानंतर सटाण्याला काकांकडून कोणी गेलं नाही आणि सटाण्याहून कोणी आलं नाही. श्रीकांतच्या मुलांची लग्नं झाली, आम्हाला कोणाकडून तरी कळली.

मी त्या दैनिकात जवळजवळ सत्तावीस वर्षं काढली. नंतर उपासनींच्या खुर्चीवर मीच बसले आणि नव्या मुलांना पान पाच लावायला देत असे. मयत उद्यावर टाकायची नाही, हेही सांगत असे. नयनाचं लग्न १९९३च्या मे महिन्यात झालं. ती आता पुण्यात असते, तिला दोन मुलगे आहेत. मावशी २०११ साली गेली.

गेल्या महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१९मध्ये, मी निवृत्ती घेतली. पुढच्या रविवारी सकाळी काकांकडे गेले. ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, एकटे राहतात, स्वयंपाकाला बाई येते. ते मटार सोलत बसले होते.

“काका, त्या वेळी शहराच्या पानावरून बापूंची बातमी मी काढली होती.”

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली.

“मुलाखतीला गेली होतीस तेव्हा.”

“हो. संध्याकाळी सातच्या सुमारास.”

“नयनासाठी?”

“काढली ती नयनासाठी. पेपर आणून दिला नाही, तो नोकरीसाठी.”

बाईने येऊन मटाराचं भांडं नेलं आणि रिकामं दुसरं ठेवलं.

“नयनाला माहीत आहे?”

“नाही.”

“तिला सांगायचं नाही.”

“बरं.”

“आणि मला एक विचारू नकोस,” ते म्हणाले. “त्या दिवशी वाचलं असतं, तर मी उठून गेलो असतो की घडी घालून ठेवला असता. हे मला विचारू नकोस. तेवढा एक रविवार तू माझ्या हातातून घेतलास. मी काय केलं असतं, ते मलाच कळलं नाही.”

त्यांनी रिकाम्या भांड्यात पुढची शेंग सोलली.

“सटाण्याला लिहून कळव. फोन नको. दोन्ही पानं जोड. माझ्या वतीने काही लिहू नकोस.”

वाचनालयाने शहर आवृत्तीच्या पानाची प्रत दोन दिवसांत दिली. ग्रामीणची आमच्या जुन्या कार्यालयातून मिळाली. पत्र दीड पानाचं झालं. मी ते चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा कापून लहान केलं. चार फेब्रुवारीला रजिस्टर पोस्टाने श्रीकांत कोठावदे यांच्या नावाने पाठवलं. अकरा तारखेला पोचपावती आली. सही श्रीकांतची नाही. थरथरत्या, मोठ्या अक्षरांत सुमनबाई त्र्यंबक कोठावदे असं लिहिलं आहे. त्या बापूंच्या पत्नी.

उत्तर आलं नाही. मात्र गुरुवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास काकांच्या लँडलाइनवर फोन वाजला. काकांनी दोनदा हॅलो म्हटलं. पलीकडून कोणी बोललं नाही. घरातली भांडी वाजल्याचा आवाज येत होता, असं ते म्हणतात. मग फोन ठेवला गेला. फोनवर नंबर उमटतो. तो सटाण्याचा होता. काकांनी तो कॅलेंडरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

आज रविवार, सतरा तारीख. काल संध्याकाळी मी निघेपर्यंत त्यांनी तो नंबर फिरवला नव्हता.